वनीक हॉर्न-मिलर : एका मोहॉक खेळाडूविषयी




वनीक हॉर्न-मिलर ही कॅनडाची वॉटरपोलो खेळाडू, माँट्रियलजवळच्या कानावागे येथील मोहॉक या मूलनिवासी समाजातली. १९९० मध्ये ओका गावाने गोल्फचे मैदान वाढवायचे ठरवले. त्यासाठी निवडलेली पाइनची राई मोहॉकांच्या दृष्टीने त्यांचीच होती आणि तिथेच त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी होती. मोहॉकांनी रस्ते अडवले, पुढे सैन्य आले. संघर्ष ७८ दिवस चालला. अखेरच्या दिवशी रस्ते अडवून बसलेले लोक बाहेर पडत असताना झटापट झाली आणि १४ वर्षांच्या वनीकच्या छातीत सैनिकाची संगीन लागली. हृदय थोडक्यात वाचले. त्या क्षणी ४ वर्षांची धाकटी बहीण तिच्याजवळ होती आणि वनीक तिला सांभाळत होती.

इतक्या लहान वयात आपल्याच देशाच्या सैनिकाकडून जखमी झालेली मुलगी पुढे त्याच देशाची टोपी घालून पाण्यात उतरली, हे सोपे नव्हते. १९९९ च्या विनिपेग पॅन-अमेरिकन स्पर्धेत कॅनडाने सुवर्णपदक जिंकले, त्या संघात ती होती. महिलांचा वॉटरपोलो ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो २००० साली सिडनीत. तिथे ती कॅनडाची सहकर्णधार होती.

२००३ मध्ये तिला राष्ट्रीय संघातून वगळले गेले. संघातील एकोप्याचे कारण पुढे आले. तिने मात्र वांशिक भेदभावाचा आरोप उघडपणे केला आणि दाद मागितली. खेळाडूने खेळावे, बाकीचे सोसावे, असा सल्ला अशा वेळी सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. तक्रार करणे हाही खेळाडूचा हक्कच आहे, आणि तो बजावण्याची किंमत तिने मोजली.

तिचे पुढचे काम पदकाइतकेच मोलाचे आहे. मूलनिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे. कानावागेच्या शाळांतून १९९४ पासून मधुमेह-प्रतिबंधाचा प्रकल्प चालतो. वनीकनेही ‘वर्किंग इट आउट टुगेदर’ या दूरचित्रवाणी मालिकेतून व्यायाम, आहार आणि मनाचे आरोग्य हे विषय लोकांपुढे मांडले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाने खचलेल्या समाजाला सावरायला एकट्याची इच्छाशक्ती पुरत नाही, सोबत लागते, ही तिची भूमिका खेळाडूंनी नीट समजून घ्यावी. २०१९ मध्ये कॅनडाच्या क्रीडा गौरव दालनात तिचा समावेश झाला.