तापमान स्थिर, म्हणून लांबीही स्थिर?



"उष्णतेने वस्तू प्रसरण पावते" हे आपण शिकवतो. मग मुलं धरून चालतात, की तापमान स्थिर ठेवलं की लांबीही स्थिर. मीही तसंच सांगत होते. पण ते पूर्ण खरं नाही. लेसरचं उदाहरण बघूया.

लेसरची वारंवारता सतत किंचित मागेपुढे होते. ती स्थिर करायला दोन आरसे समोरासमोर घट्ट बसवतात. त्यांच्यामधल्या अंतरात ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरीच नेमक्या मावतात. लेसर त्यांच्याशी जुळवून ठेवतात. म्हणजे हे अंतर झालं लेसरची मोजपट्टी. पट्टीच हलली तर वारंवारताही हलणार!

इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या:

१) प्रसरण: तापमान बदललं तरच होतं.
२) औष्णिक थरथर: तापमान जराही बदललं नाही तरी अणू हलतच असतात. त्यामुळे आरशाचा पृष्ठभाग, खास करून त्यावरचा पातळ लेप, सूक्ष्म थरथरतो.

ही थरथर कमी कशी करतात?

• थंड करून.
• आरशांमधलं अंतर वाढवून. थरथर तेवढीच, पण एकूण लांबीच्या मानाने कमी.
• आरशावरचा प्रकाशाचा ठिपका मोठा ठेवून. म्हणजे अनेक अणूंची सरासरी निघते.
• घंटेसारखा बराच वेळ घुमणारा पदार्थ वापरून. त्याची थरथर त्याच्या स्वतःच्या सुरात गोळा होते, बाकी ठिकाणी शांतता राहते.

जर्मनीतील पीटीबी आणि अमेरिकेतील जिला या संस्थांनी २१ सेंटिमीटर लांबीचा सिलिकॉन स्फटिक उणे १४९ अंश सेल्सिअसला ठेवला. या तापमानाला सिलिकॉनचं प्रसरण जवळजवळ शून्य असतं, शिवाय तो छान 'घुमतो'. म्हणजे दोन्ही अडचणींवर एकच उपाय! २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या निकालात उरलेली थरथर प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी होती. आता अडथळा मुख्यतः आरशांवरच्या लेपाचा आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियासारख्या प्रकल्पातही आरशांच्या लेपाची थरथर हा महत्त्वाचा प्रश्न आहे.

वर्गात करून पाहा: शाळेची घंटा आणि वीट, दोन्ही दोरीने टांगून हलकेच ठोका. कोण जास्त वेळ घुमतं? मग विचारा, "आरसा कशाचा करूया?"

आणि पुढच्या वेळी प्रसरण शिकवताना एक वाक्य नक्की जोडा: "तापमान स्थिर असलं, तरी अणू स्थिर नसतात."