घरच्या घरी उशीचा अभ्रा

कापूस पिकविणाऱ्या भागांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत उशीत भरावयाची रुई घरचीच असते. सरकी काढलेली रुई पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावी आणि जाड कापडाच्या खोळीत भरावी, ही जुनी रीत आहे. खोळीवर चढवावयाचा अभ्रा मात्र बाजारातून विकत आणला जातो. बाजारचा अभ्रा बाजारच्या उशीच्या मापाने बेतलेला असतो. तयार उशी बहुधा १७ इंच रुंद आणि २७ इंच लांब असते. घरी भरलेल्या उशीला असे ठरीव माप नसते. कोणी ती अरुंद व गच्च भरतात, तर कोणी रुंद आणि सैल. परिणामी अभ्रा तंग बसून कोपऱ्यांत उसवतो, अथवा ढिला राहून रात्रीतून अर्धा निघून येतो.

अभ्रा निसटणे ही क्षुल्लक बाब वाटते, परंतु उशीचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. डोक्याचे तेल आणि घाम उघड्या खोळीतून आत झिरपतात. तेलकट झालेली रुई दबून तिच्या गुठळ्या होतात. भरलेली उशी पाण्यात बुचकळून धुता येत नाही, कारण आतील रुई लवकर वाळत नाही आणि तिला कुबट वास येऊ लागतो. मग रुई काढून पुन्हा पिंजून घेणे किंवा ती टाकून देणे, एवढेच उपाय उरतात. म्हणून अभ्रा उशीच्या मापाचा असावा आणि त्याचे तोंड आपोआप झाकले जावे, या दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. त्या दोन्ही, हाती प्रथमच सुई धरणाऱ्या गृहिणीसही साधण्याजोग्या आहेत.

रुईविषयी येथे एक गोष्ट सांगणे योग्य होईल. उशीसाठी आखूड धाग्याची व किंचित राठ अशी देशी रुई उत्तम, कारण ती दाबली तरी पुन्हा फुगते. लांब व तलम धाग्याची रुई लवकर चापट होते. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाल्यानंतर देशी वाणांखालील क्षेत्र फार घटले. ज्या घरी अजून थोडा देशी कापूस येतो, त्यांनी तो उशांसाठी राखून ठेवावा. सावरीचा कापूस भरावयाचा असल्यास खोळीचे कापड घट्ट विणीचे घ्यावे. सावरीचे तंतू गुळगुळीत असल्यामुळे विरळ विणीतून ते सहज बाहेर येतात.

अभ्र्यासाठी सुती कापडच घ्यावे. ते घाम शोषते, गरम पाणी सोसते आणि नवशिक्या हाताखाली निसटत नाही. गुळगुळीत कृत्रिम धाग्याचे कापड कापताना सरकते व त्याच्या कडांचे दोरे भराभर निघतात. मांजरपाट, लठ्ठा अथवा हातमागाचे मध्यम जाडीचे कापड चांगले.

कापड आणल्याबरोबर कातर हाती घेण्याचा मोह आवरावा. बहुसंख्य अभ्रे बिघडतात ते शिवणीमुळे नव्हे, तर कापड न भिजविता बेतल्यामुळे. विणताना ताण्याचे धागे मागावर ओढून धरलेले असतात आणि त्यांना खळ दिलेली असते. कापड पाण्यात भिजले की खळ सुटते, धाग्यांचा ताण सैल होतो आणि कापड आटते. ते लांबीकडून, म्हणजे ताण्याच्या दिशेने, अधिक आटते. ही आटणी अभ्रा शिवून झाल्यावर झाली तर बरोबर मापाचा अभ्रा पहिल्याच धुण्यात तोकडा होतो. यास्तव नवे कापड रात्रभर पाण्यात ठेवावे, सकाळी साबणाने धुवावे, न पिळता वाळवावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. रंगीत कापड वेगळे भिजवावे, म्हणजे त्याचा रंग जातो की कसे तेही कळते.

आता माप. उशी हलकेच थोपटून सारखी करावी. टेप तिच्या मधोमध आडवी गुंडाळून पूर्ण वेढा मोजावा व त्याचे निम्मे करावे. तसेच लांबीकडून करावे. नुसती वरची बाजू मोजल्यास उशीची जाडी हिशोबातून सुटते. समजा, आडवा वेढा ३५ इंच व उभा ५५ इंच आला. निम्मे केल्यास १७॥ व २७॥ इंच होतात. प्रत्येकी अर्धा इंच सैलपणा धरला की तयार अभ्रा १८ इंच रुंद व २८ इंच लांब व्हावयास हवा.

येथे वर्णिलेला अभ्रा एकाच लांब तुकड्याचा असून त्यास बटण, काज किंवा बंद लागत नाहीत. तोंडाशी आत वळविलेली ७ इंचांची झडप उशी अडवून धरते. लांबीचा हिशोब असा : वरची बाजू २८, खालची बाजू २८, झडप ७, तोंडाच्या रुंद दुमडीसाठी २॥ आणि झडपेच्या कडेच्या बारीक दुमडीसाठी अर्धा, मिळून ६६ इंच. रुंदीसाठी १८ इंचांत दोन्ही बाजूंच्या शिवणींची माया सव्वा इंच मिळवावी, म्हणजे सव्वाएकोणीस इंच होतात. ४४ इंच पन्ह्याचे २ मीटर कापड घेतल्यास आटणी वजा जाऊनही दोन अभ्रे शेजारी शेजारी बसतात. पन्हा ३६ इंचांचा असेल तर एकच अभ्रा निघतो. उरलेली सुमारे १५ इंचांची लांब पट्टी लहान मुलाच्या उशीस उपयोगी पडते, ती चिंध्यांत टाकू नये.

अभ्र्याची लांबी कापडाच्या किनारीला समांतर धरावी. दुकानात फाडलेले अथवा कापलेले टोक सरळ असतेच असे नाही. ते सरळ करण्यासाठी किनारीशी लहानशी चीर द्यावी, तेथील एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलावा व सावकाश ओढून काढावा. धागा निघाल्यावर कापडावर बारीक रेघ उमटते, तिच्यावरूनच कातर चालवावी. धागा मध्येच तुटला तर जेथवर रेघ दिसते तेथवर कापून पुढचा धागा पुन्हा उचलावा. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु तिरपे कापलेला अभ्रा कितीही इस्त्री केली तरी पिळवटलेलाच राहतो.

शिवण्यास आरंभ दोन्ही टोकांच्या दुमडींपासून करावा. एका टोकाची कड पाव इंच व पुन्हा पाव इंच उलट्या बाजूकडे दुमडून हेम घालावी. ही झडपेची कड झाली. दुसरे टोक आधी अर्धा इंच व मग २ इंच दुमडून तसेच हेमावे. हे अभ्र्याचे तोंड होय. नंतर कापड उलटी बाजू वर करून चटईवर पसरावे. झडपेकडील ७ इंच आत वळवावे आणि तोंडाकडील टोक उचलून त्या घडीच्या कडेशी आणून टेकवावे. या वेळी झडप दोन थरांच्या मध्ये दडलेली असते व सुलटी बाजू बाहेर दिसते. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच उडतो. झडप वर राहिली असल्यास शिवणीपूर्वीच घडी मोडून पुन्हा घालावी. वर्तमानपत्राच्या कागदाची तशीच घडी एकदा घालून पाहिली तर ही रचना लगेच ध्यानात येते.

दोन्ही लांब बाजूंना कच्चा दोरा घालून कडेपासून पाव इंचावर धावदोऱ्याने शिवावे. उरलेली माया निम्मी कातरून दोरे साफ करावेत. मग अभ्रा उलटा करून कोपरे बोटाने नीट बाहेर काढावेत आणि त्याच बाजू पुन्हा तीन सूत, म्हणजे ३/८ इंच, आत हातटीपेने शिवाव्यात. पहिल्या शिवणीच्या कडा दुसऱ्या शिवणीत पूर्णपणे बंद होतात. हिला शिंपी फ्रेंच शिवण म्हणतात. एकेरी शिवणीत कडा उघड्या राहून प्रत्येक धुण्यात दोरे निघतात, तसे येथे होत नाही. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर उशी घालता-काढताना ताण पडतो, म्हणून तेथे टाके दोनदा घ्यावेत. कच्चा दोरा काढून अभ्रा सुलटा केला की तो तयार झाला. उशी तळापर्यंत सरकवून तिचे वरचे टोक झडपेखाली घालावे.

शेजारी किंवा बचत गटात शिवणयंत्र असल्यास काम तासाभरात आटोपते. तथापि पहिला अभ्रा हाताने शिवणे बरे. हाताखाली कापड कसे वळते ते त्यात समजते, आणि चुकलेला टाका सहज उसवता येतो. सरावासाठी जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा न विरलेला भाग घ्यावा. जुने व नवे कापड मात्र एकाच अभ्र्यात जोडू नये. धुण्यात जुने कापड शिवणीशेजारी फाटते.

प्रत्येक उशीस दोन अभ्रे असावेत, म्हणजे आठवड्यास एक धुण्यास काढता येतो. धुताना तो उलटा करून कोपऱ्यांत साठलेला कापूस व धूळ झटकावी. तेलकट डाग साबण लावून थोडा वेळ तसेच ठेवावेत, मग गरम पाण्यात चोळावेत. घरात कोणाचे डोळे आले असतील तर त्याचा अभ्रा व पंचा इतरांपासून निराळे ठेवावेत, अभ्रा रोज बदलावा आणि गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. त्याच वेळी उशीही उन्हात टाकावी व दुपारी तिची बाजू पालटावी.