राजासाठी नियमशास्त्राची प्रत
शास्त्रभाग : अनुवाद १७:१४-२०

गादीवर बसणाऱ्या राजाजवळ नियमशास्त्राची प्रत असावी, त्याने ती जन्मभर वाचावी आणि आपल्या भावांहून स्वतःला उंच समजू नये, असे येथे सांगितले आहे.

आपल्या देशात १९९३ साली अविश्वास ठरावाच्या वेळी काही खासदारांनी लाच घेऊन सरकार तारले. सभागृहातील मताबद्दल त्यांच्यावर खटला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरवले. पैसे घेऊन मत न देणाऱ्यास मात्र ते संरक्षण मिळाले नाही. नवलच म्हणावे! ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला. लाच घेतली तेव्हाच गुन्हा पुरा झाला. आमच्या भोपाळच्या विधानभवनातील आमदारांनाही हे लागू आहे.

शिक्षकांनी वर्गात विचारावे : मतदानाच्या आदल्या रात्री आपण नोट घेतली, मत मात्र मनासारखे दिले, तर?