'ताई, मला काय झालंय?'

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी लिहायची सवय दहावीनंतर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख माझ्या मावशीलाही वाचता यावा, म्हणून मराठी विभागात देतेय.

मी फर्स्ट इयरला असताना माझ्या नऊ वर्षांच्या मावसभावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. घरी ठरलं, त्याला काही सांगायचं नाही. "अंगात रक्त कमी आहे" एवढंच सांगितलं. केस गळायला लागल्यावर त्याने विचारलं, "ताई, मला नक्की काय झालंय?" मी टीव्हीचा आवाज मोठा केला. त्यानंतर त्याने मला कधीच काही विचारलं नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून यंदा सुट्टीत या विषयावर वाचन केलं.

पहिली गोष्ट, मुलांना कळतं. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकन संशोधक बाईंनी ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांच्या वॉर्डात बसून निरीक्षण केलं. त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. मोठ्यांनी लपवूनही मुलांना आजाराचं गांभीर्य समजलेलं होतं. पण आई-बाबांना त्रास नको म्हणून मुलंच गप्प बसायची. म्हणजे दोन्हीकडून नाटक, आणि मूल आतून एकटं.

दुसरी गोष्ट, वयाप्रमाणे बोलायला हवं. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटू शकतं की मी हट्ट केला म्हणून ही शिक्षा. त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की तुझी काही चूक नाही. बाहुलीला खोटं इंजेक्शन देण्याचा खेळ खेळला की खऱ्या सुईची भीती कमी व्हायला मदत होते. शाळकरी मुलाला आजाराचं नाव, उपचार आणि "दुखेल का?" याचं खरं उत्तर द्यावं. दुखणार असेल तर "दुखणार नाही" म्हणू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो विश्वास ठेवत नाही. टीनएजर्सना केस, दिसणं, मित्र आणि मागे पडलेली शाळा यांची काळजी जास्त. डॉक्टरांशी एकट्याने बोलायची संधी त्यांना मिळायला हवी.

तिसरी गोष्ट, पेशंट एकटा नसतो. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतात. आई दवाखान्यात, बाबा पैशांच्या मागे, आणि धाकटी बहीण शेजाऱ्यांकडे. तिला हेवा वाटतो, मग हेवा वाटल्याचं वाईट वाटतं. तिच्याशी कोण बोलतं?

२०१५ साली तज्ज्ञांनी या मानसिक आधाराचे पंधरा निकष प्रसिद्ध केले. त्यात आई-वडील, भावंडं, शाळा सगळं आहे. आधार निदानापासूनच सुरू व्हावा, मूल कोलमडल्यावर नव्हे. आपल्या भाषेत, ब्रेकडाऊन मेंटेनन्स नाही, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स!

आपल्याकडेही काम चालू आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तिथे देशभरातून लोक येतात आणि राहायचं कुठे हाच पहिला प्रश्न असतो. सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत राहायची सोय देते. एकाच छताखाली राहिलं की आयांना एकमेकींशी बोलता येतं, हाही आधारच. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा 'उगम' हा गटही आहे. "मी बरा झालो" असं सांगणारा दादा समोर उभा राहिला की शंभर लेक्चर्सचं काम होतं.

या दिवाळीत मी मावशीकडे गेले. भाऊ आता अकरा वर्षांचा आहे, औषधं नुकतीच संपलीत. मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं गं. शेजारच्या बेडवरच्या मुलाने सांगितलेलं. तू रडशील म्हणून परत विचारलं नाही."

आपल्या होस्टेलमध्येही कोणाच्या तरी घरी असा आजार असेल. त्याला टाळू नका. "काही लागलं तर सांग" म्हणून निघून जाऊ नका. त्याची असाइनमेंट द्या, मेसमध्ये त्याच्याबरोबर बसा, आणि तो बोलायला लागला की टीव्हीचा आवाज मोठा करू नका.