मांजराच्या नादी लागण्यापूर्वी

पोरी, क्वांटमचा कुठलाही विचारप्रयोग पुढ्यात आला की आधी विचारायचं, हा कुणी रचला आणि कुणाची जिरवायला? श्रोडिंगरचं मांजर घे. सुट्टीत इंदूरहून हाटपिपल्याला येणारी तुमची कॉलेजची मंडळी ते असं सांगतात, जणू एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर असतं असा त्याचाच दावा होता. छे! १९३५ साली त्यानं ते लिहिलं ते हा वेडगळपणा चव्हाट्यावर आणायला. लांबलचक लेखातला एवढासा परिच्छेद आहे तो. पोलादी पेटी, जराशी किरणोत्सारी वस्तू. तासाभरात तिच्यातला एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही, शक्यता सारखीच. फुटला तर गायगर काउंटर चालणार, हातोडी पडणार, हायड्रोसायनिक आम्लाची कुपी फुटणार. त्याच ऑगस्टमध्ये आइन्स्टाइननं त्याला पत्रातून दारूगोळ्याचा असाच दाखला कळवला होता. रोख एकच: अणूला एकदमच फुटलेला आणि न फुटलेला ठेवणारं तुमचं समीकरण अणूपाशी थांबत नाही, तर मग थांबतं कुठे?

दुसरं, 'बघितलं की ठरतं' म्हणतात, त्यातलं 'बघितलं' म्हणजे माणसानं डोळे लावले असं समजू नकोस. काउंटरनं नोंद केली, झालं. भौतिकशास्त्रज्ञ विग्नरनं १९६१ मध्ये जाणिवेला मध्ये ओढलं खरं, पण पुढे त्यानंच ते सोडून दिलं. पेटीतल्या हवेचे रेणू मांजरावर आदळत असतात, त्यामुळे जिवंत आणि मेलेलं या दोन्ही अवस्थांचा मेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत विस्कटतो. पण दोहोंतली एकच का उरते, यावर आजही भांडणं आहेत. कुणी 'सुटलं' म्हणालं तर मान डोलवू नकोस. आणि आपल्याकडे कुणीतरी लगेच वेदान्त काढतोच. श्रोडिंगरला उपनिषदांची ओढ होती, पण त्याच्या समीकरणात ती कुठेही नाही.

आता खरी मेख. 'आपल्याला माहीत नाही' आणि 'अजून ठरलेलंच नाही' यांत फरक आहे. चपलेचा एक पाय हाटपिपल्यात राहिला, दुसरा देवासला गेला; इथला डावा निघाला की तिथला उजवा, यात जादू कसली? आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांची १९३५ मधली तक्रार थोडीफार हीच: जोडीतल्या दोन्ही कणांचं आधीच ठरलेलं असतं, तुमचा सिद्धान्त अपुरा आहे. १९६४ मध्ये जॉन बेलनं या वादाला आकड्यात आणलं. मला विचारशील तर त्या शतकातली ही सगळ्यात देखणी चाल. पुढे १९६९ मध्ये क्लाउझर आणि सोबत्यांनी ती प्रयोगशाळेला सोयीची केली. चपलांसारखं आधी ठरलेलं असेल आणि इकडच्याचा तिकडे परिणाम होत नसेल, तर एक ठरावीक बेरीज २ च्या वर जात नाही. क्वांटम म्हणतं, २.८३ पर्यंत जाते. प्रयोगांत ती २ ओलांडून गेली. अस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

नुसतं वाचून हे अंगी लागत नाही, हात लाव. पोलरायझर फिल्मचे तीन तुकडे मिळव. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचीही चालेल. दोन तुकडे काटकोनात धर, उजेड बंद. मध्ये तिसरा ४५ अंशांवर सरकव, उजेड येतो! पहिल्यातून निघालेल्याचा, कागदावरच्या हिशेबानं, चौथा हिस्सा. प्रकाश लाट मानलास तर हे सोपं आहे. एकेक फोटॉन सोडलास की मात्र तो एक तर अख्खा येतो, नाहीतर येतच नाही, आणि सरासरी तरीही तीच. इथे डोकं खाजव, मांजरावर नको.

आणि बेलचं गणित स्वतः कर. जोडीतल्या एका फोटॉनाकडचे पोलरायझर ० आणि ४५ अंशांवर, दुसऱ्याकडचे २२.५ आणि ६७.५ वर. इकडचा एक आणि तिकडचा एक अशा प्रत्येक जोडीच्या कोनांतल्या फरकाची दुप्पट कर, तिचा कोसाइन काढ. तीन बेरजेला, ० आणि ६७.५ ची जोडी वजाबाकीला. २.८३ आलं नाही तर वजाचं चिन्ह तपास, बहुतेक तिथेच घोळ असतो.