जखमेजवळ थांबणारे औषध

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रस्त असलेला एक भिक्खू एकटाच पडून होता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले, मंचकावर निजविले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे भिक्खूंना सांगितले. रुग्णाजवळ थांबावे, हा त्यातील बोध. आजचे रसायनशास्त्र औषधालाही हाच गुण देऊ पाहत आहे.

गोळीवाटे घेतलेले प्रतिजैविक सर्व शरीरात पसरते. मधुमेही रुग्णाच्या पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर खोल जखमेत ते पुरेसे पोहोचत नाही. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जिवाणू पुढे औषधाला दाद देत नाहीत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. म्हणून सुईने थेट जखमेत सोडता येणाऱ्या जिवाणूरोधी जेलचा शोध चालू आहे.

जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे दीर्घ रेणूंचे जाळे. कोन दाबताच मेंदी वाहते आणि हातावर स्थिर होते. काही जेल सुईतून तसेच वाहतात. काही उष्णतेने आळतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून कायटोसान मिळते. त्यात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट मिसळल्यास थंड असताना पातळ राहणारे द्रावण 37 अंश सेल्सिअसला जेल बनते, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. चायना ग्रास थंड झाल्यावर आळतो; येथे क्रम उलटा आहे.

कायटोसानचा धनभार जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला विस्कळीत करतो. मात्र आम्लता कमी होताच तो भार क्षीण होतो. म्हणून जेलमध्ये प्रतिजैविकही मिसळतात आणि ते जागच्या जागी हळूहळू झिरपते. केवळ जिवाणू मरणे पुरेसे नाही. रक्तातील तांबड्या पेशी फुटू नयेत, काम संपताच जेल विरघळून जावे, निर्जंतुक करताना 121 अंशांच्या वाफेने त्याची घडण बिघडू नये, या कसोट्याही उतराव्या लागतात.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या अनेक घरांच्या चुली पेटल्या. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी मात्र रसायनांची दुसरी बाजू दाखविते. रसायन कोठे जाते आणि कोठे थांबते, यावर त्याचे हित-अहित ठरते. प्रयोगशाळेत शिरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा प्रश्न सोबत न्यावा. घरी मधुमेही असतील त्यांचे पाय रोज पाहावेत. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. सेवेचा आरंभ तेथूनच होतो.