भीती आणि काळजी : इंग्रजी पत्रातील दोन छटा

अहेरीच्या पश्चिमेस प्राणहिता वाहते. पैलतीरी २०१४ साली स्थापन झालेले तेलंगण राज्य आहे. अलीकडे मराठी व गोंडी, पलीकडे तेलुगू. त्यामुळे पैलतीरीच्या कार्यालयास पत्र लिहिताना पुष्कळदा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो.

मराठीत आपण 'मला भीती वाटते' असे म्हणतो. येथे भीती हा कर्ता आहे. इंग्रजीत मात्र भिणारी व्यक्तीच कर्ता होते : 'आय अ‍ॅम अफ्रेड'.

यापुढील लहानसा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. नदीला पूर आला असून भाऊ पैलतीरी अडकला आहे, अशी कल्पना करा. 'आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ माय ब्रदर' असे लिहिल्यास भावापासूनच धोका असल्याचा अर्थ निघेल! 'ऑफ'ऐवजी 'फॉर' योजल्यास भावाच्या जिवाची काळजी व्यक्त होते. 'आय अ‍ॅम वरीड अबाउट माय ब्रदर' हेही शुद्ध आहे. पुराची भीती सांगताना मात्र 'अफ्रेड ऑफ द फ्लड' असेच लिहावे.

उत्तरादाखल 'आय अ‍ॅम अफ्रेड वी कॅनॉट सेंड अ बोट टुडे' असे पत्र आल्यास लिहिणारा भ्यालेला आहे, असे समजू नये. आज नाव पाठविता येणार नाही, हे तो खेदपूर्वक कळवीत असतो. अशा वेळी वाट पाहत न बसता अन्य मार्गाने मदत मिळवावी.

संकटसमयी पत्र लहान असावे. परंतु भीती कशाची आणि काळजी कोणाची, हे त्यात निःसंदिग्ध असावे.